शिलंगणाचा स्वार : श्रीमंत थोरले बाजीराव पेशवे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. श्रीमंत थोरले बाजीराव पेशवे यांचे नाव आपणा सर्वांस शाळेपासून ठाऊक आहे. पालखेड, भोपाळ, दिल्ली ही स्थळे लहानथोरांच्या तोंडी आहेत. परंतु आयुष्यभर मुलांस इतिहास शिकवीत असता एक उणीव मनास सारखी जाणवत आली. आमच्या क्रमिक पुस्तकांत लढाईची तारीख असते आणि तहाची कलमे असतात. मात्र ज्या घोड्यांच्या पाठीवर बसून हा पुरुष वीस वर्षे हिंदुस्थानभर फिरला, त्या घोड्यांनी काय खाल्ले, त्यांच्या पायास नाल केव्हा ठोकले गेले आणि त्या नालांचे पैसे कोठून आले, याविषयी एक ओळही आढळत नाही. म्हणून प्रस्तुत चरित्र दरबाराच्या दारातून न सांगता पागेच्या दारातून सांगण्याचे योजिले आहे. वाचक बंधुभगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. पिता बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. माता राधाबाई या सिन्नरजवळील डुबेरे येथील बर्वे घराण्यातील. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. ते मुत्सद्दी व हिशेबी गृहस्थ होते; घोड्यावरील बैठकीबद्दल त्यांची ख्याती नव्हती. पुत्राचे मात्र याच्या अगदी उलट झाले. ज्या वयात ब्राह्मणाचा मुलगा रूपावली आणि हिशेब गिरवितो, त्या वयात बाजीराव ते सर्व करून शिवाय वडिलांबरोबर छावणीत वावरू लागले. १७१८ साली मराठ्यांची फौज सय्यद बंधूंच्या साहाय्यार्थ दिल्लीस गेली, तेव्हा तेही पित्याबरोबर होते. चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन १७१९ साली फौज परतली. त्या प्रवासात अठरा-एकोणीस वर्षांच्या या तरुणाने मोगल बादशाहीची आतून पोखरलेली अवस्था पाहिली, असे इतिहासकार लिहितात, आणि ते खरेच आहे. आम्हांस वाटते, त्याने आणखीही काही पाहिले असले पाहिजे. दक्षिणेतून दिल्लीपर्यंतची वाट, तिच्यावरील नद्यांचे उतार, कुरणे, विहिरी, कोणत्या महिन्यात कोठे चारा मिळतो आणि कोठे मिळत नाही, हे घोड्यावर बसून जाणाऱ्यालाच कळते. पालखीतून जाणाऱ्यास कळत नाही.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांस दिली. वयाची वीस वर्षे अद्याप पुरी झालेली नव्हती. दरबारातील वृद्ध मंडळींस हे पसंत पडले नाही. महाराजांनी मात्र माणूस अचूक ओळखला.

येथे थोडे थांबून त्या काळच्या वर्षाचा क्रम सांगणे अवश्य आहे. कारण तो समजल्याशिवाय बाजीरावांचे चरित्र समजत नाही. आजचे सैन्य बारा महिने हालते. तेव्हाचे घोडदळ आठ महिने बाहेर आणि चार महिने छावणीत असे. मृगाच्या पावसापूर्वी फौजा परतावयाच्या, पावसाळा छावणीत काढावयाचा आणि दसऱ्यास शिलंगण करून पुन्हा बाहेर पडावयाचे, हा शिवछत्रपतींनी घालून दिलेला शिरस्ता होता. सभासदाच्या बखरीत त्याचे वर्णन आहे. छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा, असे त्यात सांगितले आहे. पंचवीस घोड्यांस एक नालबंद, ही व्यवस्था वाचली म्हणजे मनुष्य चकित होतो. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात महाराजांनी चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस धाडलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. वैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरा, नाहीतर ऐन पावसात घोडी मरतील आणि रयतेस लुटण्याची पाळी येईल; गवताच्या गंजीपाशी दिवा आणि विस्तव सांभाळा, असा त्यातील आशय आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गंजी पेटेल, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत त्या राजाची नजर पोचली होती.

बाजीरावांस हा वारसा आयता मिळाला, परंतु तो त्यांनी नुसता सांभाळला नाही, तर वाढविला. आठ महिन्यांच्या स्वारीचा पाया चार महिन्यांच्या छावणीत, आणि त्यातही विशेषेकरून भाद्रपद-आश्विनाच्या सहा-सात आठवड्यांत घातला जातो, हे त्यांच्या सर्व मोहिमांचे मर्म आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या मराठीत भादव्यातल्या तट्टाची म्हण आहे. भाद्रपदात हिरवे गवत मुबलक असते. तट्टू खाऊन खाऊन गोल होते, अंगावर तकाकी येते, मस्तीने खिंकाळते. पाहणारास वाटते, घोडे तयार झाले. खरे पाहता ते काही तयार झालेले नसते. पोट सुटलेले असते, मांस मऊ असते, दम नसतो. अशा घोड्यावर खोगीर चढवून एकदम दहा कोस दौडवावे, तर ते फेसाळते, धापा टाकते आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही. जाणता बारगीर या दिवसांत घोड्याच्या रूपावर भाळत नसे. घटस्थापनेच्या आधीपासूनच तो पहाटे घोडे बाहेर काढून प्रथम नुसते चालवी. आठ-दहा दिवसांनी दुडकी चाल, मग थोडी दौड, मग खोगीर व ओझ्यासह दौड, अशी पायरीपायरीने मेहनत वाढवी. हिरवा चारा हळूहळू कमी करून कडबा आणि चंदी वाढवावयाची. घोडा तयार होत चालल्याच्या दोन खुणा जुने लोक सांगत. एक, खोगिराचा तंग पूर्वीपेक्षा आत आवळावा लागतो. दुसरी, घाम. कच्च्या घोड्याचा घाम साबणाच्या फेसासारखा दाट येतो. कसलेल्या घोड्याचा पाण्यासारखा पातळ येतो आणि लौकर सुकतो.

शरद ऋतू घोड्यास जितका उपकारक, तितकाच घातकही आहे. पावसाळाभर ओल्या जमिनीवर उभे राहून खूर मऊ पडलेले असतात. त्यात चिखल अडकून राहिला म्हणजे ते आतून सडतात व घाण येऊ लागते. म्हणून रोज चारही पाय उचलून खूर कोरून साफ करावे लागतात. पावसाळ्यात काढलेले नाल आता पुन्हा ठोकावयाचे; मात्र खूर सुकून टणक झाल्यावाचून ठोकले, तर खिळे धरत नाहीत आणि खूर चिरतो. घाई करून चालत नाही, आणि उशीर केला तर शिलंगण चुकते. शिवाय आश्विनातले ऊन भाजून काढते, तर रात्री दव पडून गारठा होतो. दिवसा घामेजलेले घोडे रात्री उघड्यावर बांधले तर त्यास सर्दी धरते. म्हणून खरारा करून, अंग कोरडे करून झूल घालावी लागते. पावसाच्या शेवटी गोमाश्या माजतात. त्यांच्या दंशाने सर्रा नावाचा ज्वर घोड्यांत पसरतो. घोडे खात असूनही वाळत जाते, पायांस सूज येते आणि बहुधा दगावते. या रोगाचा सूक्ष्म जंतू १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने पंजाबच्या बाजूस शोधून काढला. बाजीरावांच्या काळी कारण ठाऊक नव्हते. माश्यांस धुराने पळवावे, एवढा उपाय अनुभवाने माहीत होता.

सर्वांत मोठा धोका नव्या धान्याचा. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी आमच्या गावी स्थानकावर टांगे उभे असत. त्यांतील एक म्हातारे टांगेवाले दिवाळीच्या सुमारास कोणी शेतकरी प्रेमाने नव्या बाजरीची ओंजळ घोड्यापुढे धरू लागला की त्याचा हात बाजूस सारीत. जुने धान्य घोड्याची ताकद वाढविते आणि नवे धान्य पोटात शूळ उठविते, असे ते सांगत. पोट फुगून घोडा लोळू लागला की तो वाचणे कठीण. वाचलाच तर पाय जखडून जन्माचा अधू होतो. आता विचार करा. आश्विन-कार्तिकात फौज चालली आहे, दोन्ही बाजूंस बाजरी-ज्वारीची शेते डोलत आहेत, हजारो घोडी भुकेली आहेत. त्या वेळी शेतांत घोडी घालू न देणे हे रयतेच्या हिताचे, आणि तेवढेच घोड्यांच्याही हिताचे असते.

घोडी कोणती होती, हेही सांगितले पाहिजे. मोगल सरदारांच्या तबेल्यात तुर्की, इराणी, अरबी अशी उंच, देखणी जनावरे असत. त्यांस तूप, मलिदा आणि अनेक चाकर लागत. मराठ्यांचे मुख्य बळ म्हणजे भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टे. उंचीने लहान, दिसण्यात साधी, परंतु खुराची कणखर, डोंगर-ओढ्यांत पाय न चुकणारी आणि वेळेस कडब्यावर दिवस काढणारी. ही जात नामशेष झाल्याचे आपण पुष्कळ वर्षे ऐकत होतो. परंतु दक्षिणेतील धनगर बांधवांनी मेंढरांबरोबरच्या भटकंतीत तिचा वंश टिकवून धरला, आणि अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंदही झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

हे सर्व करावयाचे तर द्रव्य हवे. पागेतील बारगिरास घोडा सरकारातून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदार स्वारीस निघण्यापूर्वी त्यास जी आगाऊ रक्कम द्यावी लागे, तिचे नावच नालबंदी. घोड्यास नाल ठोकून तयार होण्याचा खर्च, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे लुटीचा वा चौथाईचा एक रुपया हाती येण्यापूर्वी भाद्रपदातच पेशव्यास हजारो घोड्यांच्या नालांचे पैसे मोजावे लागत. ते तो कोठून आणणार? सावकाराकडून. बाजीराव जन्मभर कर्जात होते. पुण्याचे व इतर ठिकाणचे सावकार, त्याचप्रमाणे धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याकडून त्यांनी वेळोवेळी मोठ्या रकमा घेतल्या, आणि देणेकऱ्यांच्या तगाद्यापायी आपली कशी दैना झाली आहे, हे स्वामींस अत्यंत कळवळून लिहिले. दिल्लीच्या बादशहास धाक घालणारा पुरुष सावकारापुढे हात जोडून उभा आहे, हे चित्र पुष्कळांस पेशवाईच्या थाटास न शोभणारे वाटते. आम्हांस ते त्यांच्या मोठेपणाचे वाटते. कर्ज त्यांनी रेशमासाठी काढले नव्हते. पुढच्याच पिढीत या घराण्यात ऐश्वर्य आले, पंगती उठल्या, तंबू वाढले आणि स्वारीबरोबर कुटुंबकबिला व बाजारबुणगे चालू लागले; त्याचे परिणाम १७६१ साली पानिपतावर दिसले. बाजीरावांच्या छावणीत असला पसारा नसे.

आता पालखेड. १७२७ साली निजामाने कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा पक्ष उचलून शाहू महाराजांची चौथाई अडविली. पावसाळ्याच्या अखेरीस बाजीरावांनी पुणे सोडले. जड तोफखाना बरोबर घेतला नाही. निजामाच्या तोफा त्या काळच्या दक्षिणेत सर्वांत बळकट होत्या. त्यांच्यासमोर उभे राहणे म्हणजे आत्मघात. तेव्हा उभेच राहावयाचे नाही, असा बाजीरावांचा निश्चय. गोदावरी उतरून ते जालन्याच्या बाजूस शिरले. नोव्हेंबरच्या आरंभी इवजखानाशी चकमक झाली. खान मोठ्या लढाईच्या तयारीत असता मराठी फौज तेथून नाहीशी झाली. ती माहूर-वाशीमकडे वऱ्हाडात प्रकटली, तेथून वळून बुऱ्हाणपुराकडे जात असल्याची हूल उठविली, आणि निजाम बुऱ्हाणपूर राखण्यास धावतो तो बाजीराव तापी उतरून गुजरातेत शिरले.

नकाशा समोर ठेवून ही वाट बोटाने काढून पाहावी. काळी भुई, सातपुड्याच्या उतरणी, तापीचे पात्र, पुन्हा सह्याद्रीच्या शाखा. शरदात ही वाट घोडदळास अनुकूल होते. ओढे-नाले उतरलेले, परंतु आटलेले नसतात. प्रत्येक मुक्कामी पाणी मिळते. काळ्या भुईतील चिखल सुकून टाप रुतत नाही. बांधावरचे गवत पिकून कापणीस आलेले असते. पुढे मार्गशीर्षात कडबाही मिळतो. ज्या फौजेची घोडी आश्विनात कसून तयार झाली आहेत, तिला या चार महिन्यांत सारा मुलूख अंगणासारखा असतो. आणि ज्या फौजेबरोबर बैलांनी ओढलेल्या तोफा आहेत, तिला तोच मुलूख लांबच लांब होतो.

निजामही कच्चा नव्हता. बाजीरावांचा पाठलाग व्यर्थ आहे हे ओळखून तो पुण्याकडे वळला, पुणे प्रांत घेतला आणि तेथे संभाजी महाराजांस छत्रपती म्हणून बसविले. शाहू महाराजांकडून बाजीरावांस परत येण्याविषयी निकड लागली. स्वतःचे घर शत्रूच्या हाती गेल्याची वार्ता ऐकून दुसरा कोणी पुण्याकडे धावला असता. बाजीरावांनी घोड्यांची तोंडे औरंगाबादकडे, म्हणजे निजामाच्याच घराकडे फिरविली. निजामास पुणे सोडणे भाग पडले. त्वरा करावी म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. येथेच घात झाला. आपण बाजीरावांइतके त्वरित चालू शकतो, असे त्या वृद्ध सेनानीस क्षणभर वाटले. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरच्या पूर्वेस पालखेडनजीक मराठ्यांनी त्यास घेरले. दाणा, वैरण, पाणी तोडले. ज्या सैन्याची घोडी पाण्यावाचून उभी आहेत ते सैन्य किती दिवस टिकणार? ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि शाहू महाराजांची चौथाई व सरदेशमुखी निजामास मान्य करावी लागली. (नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड निराळे, विद्यार्थी बहुधा गल्लत करतात.) दुसऱ्या महायुद्धातील सेनापती फील्ड मार्शल माँटगोमरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेचा मोठ्या आदराने उल्लेख केला आहे. घोडा व रणगाडा यांत अंतर असले तरी चारा व तेल यांचा हिशेब दोघांसही सुटत नाही, हे त्या सेनापतीस कळत होते.

बाजीरावांविषयी एक आख्यायिका आहे. त्यांच्या नित्याच्या रूपाचे चित्र काढून आणण्यास निजामाने, कोणी म्हणतात बादशहाने, एक चितारी मराठ्यांच्या छावणीत धाडला. तो जे चित्र घेऊन गेला त्यात सिंहासन नव्हते, छत्र नव्हते. घोड्यावर बसलेला एक पुरुष, लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही हातांत ज्वारीचे कणीस चोळून दाणे खात चाललेला. चित्र पाहून पाहणारा घाबरला, असे सांगतात. ही कथा आपण स्वामीच्या साधेपणाची म्हणून मुलांस सांगतो. घोड्यांची माहिती असणारा मनुष्य तीत आणखी एक गोष्ट पाहील, ती म्हणजे सैल लगाम. शत्रूच्या मुलखात दोन्ही हात मोकळे ठेवून चालावयाचे तर स्वाराची बैठक मांड्यांच्या पकडीवर घट्ट असावी लागते, आणि घोड्याचा स्वारावर व स्वाराचा घोड्यावर पुरा विश्वास असावा लागतो. तो एका दिवसात येत नाही. रोज आपल्या हाताने तोबरा चढविणाऱ्या, पाठीवरून हात फिरवून खोगिराखाली पाठ लागली आहे की काय हे पाहणाऱ्या स्वारासच तो लाभतो.

१७२८ च्या शरदात दोघे बंधू दोन वाटांनी निघाले. चिमाजी आप्पा माळव्यात गेले आणि २९ नोव्हेंबर रोजी अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी गिरिधर बहाद्दराचा पराभव केला. त्यात गिरिधर बहाद्दर व दया बहाद्दर दोघेही पडले. बाजीराव वऱ्हाड, चांदा, देवगडवरून बुंदेलखंडाकडे सरकले. तेथे वृद्ध राजा छत्रसाल महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडला होता. मार्च १७२९ मध्ये मराठी फौज अकस्मात तेथे पोचली आणि जैतपुराशी बंगशच कोंडला गेला. कृतज्ञ राजाने बाजीरावांस पुत्र मानून राज्याचा तृतीयांश दिला. मस्तानीबाई त्यांच्या जीवनात आल्या त्याही येथूनच. त्या उत्तम घोडेस्वार होत्या, असे परंपरा सांगते. या विषयावर नाटके, कादंबऱ्या व चित्रपट पुष्कळ झाले असल्याने आम्ही अधिक लिहीत नाही.

या सर्व स्वाऱ्यांत बाजीरावांच्या रिकिबीला रिकीब लावून दौडणारे मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पिलाजी जाधव, उदाजी पवार यांची नावे येथे आदराने घेतली पाहिजेत. मल्हाररावांचे बालपण मेंढरांमागे गेले होते. कोणाची ज्ञाती काय, यापेक्षा त्याचे घोडे दहा कोसांच्या दौडीनंतर कसे उभे आहे, हे त्या पेशव्याने पाहिले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या पानांत हे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. वाडा बांधणाऱ्याच्या नशिबी त्यात राहणे मात्र थोडेच आले.

एक पावसाळा बाजीरावांनी छावणीबाहेर काढला. तो १७३३ सालचा, जंजिऱ्याच्या सिद्दीवरील स्वारीचा. त्या जूनमध्ये रायगड परत मिळाला ही मोठीच गोष्ट, परंतु जंजिरा हाती आला नाही. समुद्रातील किल्ल्यापुढे घोडे काय करणार? वर कोकणचा पाऊस, लाल चिखल आणि निसरड्या पाणंदी. अखेरीस तहावर समाधान मानावे लागले. देशावरच्या शरदात जे घोडदळ कोणास आवरत नसे, ते कोकणच्या आषाढात जागच्या जागी अडकले. बाजीरावांची ही बाजू चरित्रकार घाईने उरकतात. आमच्या मते त्यांचे सामर्थ्य कशात होते हे समजण्यास ती फार उपयोगी आहे.

१७३६ चा शरद संपता संपता ते उत्तरेस निघाले. मार्च १७३७ मध्ये यमुनेपलीकडे दुआबात गेलेल्या मल्हाररावांस सादतखानाने मागे रेटले आणि मराठ्यांस चंबळेपार हाकलले, अशी बढाई बादशहास कळविली. आपण कोठे आहोत हे बादशहास प्रत्यक्ष दाखवावे, असे बाजीरावांच्या मनाने घेतले. मोठ्या मोगल फौजांस बगल देऊन, जाट व मेवाती मुलखातून आडवाटेने, त्यांनी दिल्ली गाठली. दहा मजलांची वाट दोन दिवसांत तोडली, असे सांगतात. कालिकादेवीच्या परिसरात तळ पडला. रामनवमीचे दिवस होते. अंगावर आलेल्या मोगल तुकडीचा रकाबगंजाकडे पराभव झाला. शहर लुटणे वा जाळणे अशक्य नव्हते, पण ते त्यांनी केले नाही. काम झाले होते. थकल्या घोड्यांसह शत्रूच्या राजधानीपाशी अधिक रेंगाळणे म्हणजे स्वतः पालखेडचा निजाम होणे, हे त्यांस कळत होते; ते आले तसेच त्वरेने राजपुतान्याकडे निघून गेले.

त्याच वर्षाच्या शरदानंतर निजाम पुन्हा समोर आला, या वेळी बादशहाचा कैवारी म्हणून. डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळपाशी त्याची गत पालखेडसारखीच झाली. भोपाळच्या भिंतीआड त्याच्यापाशी तोफा होत्या, परंतु घोड्यांस वैरण नव्हती. ७ जानेवारी १७३८ रोजी दुराई-सराईच्या तहाने माळवा आणि नर्मदा-चंबळेमधील मुलूख मराठ्यांस देण्याचे त्याने कबूल केले.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्याच सुमारास नादिरशहाने दिल्ली लुटल्याच्या वार्ता आल्या, आणि सर्वांनी एक होऊन त्याच्याशी झुंजावे असे बाजीरावांच्या मनात होते. शहा तत्पूर्वीच परतला. घरात मस्तानीबाईंच्या प्रकरणावरून माता, बंधू व पुत्र यांच्याशी दुरावा वाढला होता. त्या शरदानंतर बाजीराव जे पुण्यातून निघाले ते पुन्हा पुण्यास आले नाहीत. निजामपुत्र नासिरजंगाचा पाडाव करून २७ फेब्रुवारी १७४० रोजी मुंगी-पैठणचा तह झाला, आणि मिळालेल्या जहागिरीची व्यवस्था लावण्यास ते खरगोणकडे गेले. मन शांत नव्हते, शरीर वीस वर्षांच्या खोगिराने झिजले होते. नर्मदेच्या दक्षिण तीरी रावेरखेडी येथे ज्वर आला. २८ एप्रिल १७४० रोजी, वैशाख शुद्ध त्रयोदशीस, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

वैशाख हा फौजा घरी वळण्याचा महिना. नर्मदाकाठची फौज त्या वर्षी आपल्या धन्यावाचून पुण्याच्या वाटेस लागली. २५ जून रोजी नानासाहेबांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले.

बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा शनिवारवाड्यासमोर आपण सर्वांनी पाहिला आहे. ४ जुलै २०२५ रोजी पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही तसाच एक पुतळा उभा राहिला. समाधी मात्र रावेरखेडीस, आता मध्य प्रदेशात गेलेल्या खरगोन जिल्ह्यात आहे. सनावद गावाकडून तेथे जाता येते. ज्या सभासद कुटुंबांस ओंकारेश्वरची यात्रा घडेल त्यांनी एक दिवस अधिक काढून तेथे जावे. आणि शक्य तर दसरा झाल्यावर जावे. पावसाळ्यात पाणी चढलेले असते आणि वैशाखात ऊन सोसवत नाही. आश्विन-कार्तिकात वाट कोरडी असते, नदी निवळलेली असते आणि दोन्ही बाजूंस गवत पिकलेले असते.